उरलेली हवा

काही प्रश्न दिसायला इतके किरकोळ असतात की विचारणाऱ्यालाच थोडा संकोच वाटतो. पाणबुड्या पाठीवर बांधून समुद्रात नेतो ती हवेची टाकी मोटारीच्या चाकात हवा भरायला वापरावी का, हा त्यांतलाच एक. 'वापरता येते का' असे विचारले तर कोणताही मेकॅनिक हसून 'येते की' म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खरेच आहे. पण 'येते का' आणि 'वापरावी का' हे दोन प्रश्न एक नव्हेत. दुसरा मेकॅनिकच्या हद्दीत संपत नाही. गेली काही वर्षे तो माझ्या मनात अधूनमधून डोकावत आला आहे, आणि दर वेळी टाकी व चाक मागे पडून त्याच्या आडून एक माणूस पुढे येतो. हा माणूस अजून आलेलाच नसतो. तो उद्या सकाळी यायचा असतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. आज सर्रास आढळणारी टाकी ॲल्युमिनियमची असते. तिच्या पोटात पाणी भरले तर जेमतेम ११ लिटर मावेल, म्हणजे न्हाणीघरातल्या बादलीपेक्षाही कमी. पण हवा भरतात ती सुमारे २०० बार दाबाने, बाहेरच्या हवेच्या दोनशेपट दाबून. त्यामुळे एवढ्याशा पोटात जवळजवळ २२०० लिटर मोकळी हवा कोंबलेली असते. रिकामी टाकी साधारण १४ किलोंची. भरली की अडीच-पावणेतीन किलोंनी जड होते. हवेला वजन असते हे शाळेत पाठ केलेले वाक्य हाताला पटते ते अशी टाकी उचलल्यावर. मोटारीच्या चाकातला दाब याच्यापुढे काहीच नव्हे, दोन-सव्वादोन बार. साध्या गाडीचे पार बसलेले चाक पुन्हा उभे करायला पाऊणशे लिटर हवा पुरते. म्हणजे एका टाकीत पंचवीसएक चाके सहज भरावीत. गॅरेजात नट सैल करायची जी गन असते तिला सहा बारांच्या आसपास दाब लागतो. थांबून थांबून चालवली तर टाकी तिला पाव तास पुरेल. खिळे ठोकायच्या गनने तर शेकडो खिळे ठोकून होतील. वीज नको, इंजिन नको, धडधड नको.

आणि ही नुसती कल्पना नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत जीपगाड्या घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांत ही रीत जुनी आहे. वाळूत चाक रुतू नये म्हणून ते आधी चाकांतली हवा निम्म्यावर आणतात. पसरट झालेले चाक वाळूवर उंटाच्या पावलासारखे पडते. पण पुन्हा डांबरी रस्त्याला लागायचे तर चारही चाके भरली पाहिजेत, कारण मऊ चाक वेगाने पळवले तर तापून फाटते. बॅटरीवरचा छोटा पंप हे काम रडतखडत करतो. टाकी ते बघता बघता उरकते. म्हणून त्यांतले काहीजण गाडीच्या मागे एक जुनी पाणबुडी टाकी आवळून बांधतात. तिच्या तोंडाशी पाणबुड्याचाच रेग्युलेटर असतो. तो २०० बारांचे नऊ-दहा बार करून देतो. पाणबुड्याचे जाकीट फुगवायची जी नळी असते तिच्या टोकाला टायरच्या व्हॉल्वचे तोंड बसवले की काम झाले. समुद्र ज्या ठिकाणापासून शेकडो मैल दूर, त्या ठिकाणी समुद्राची टाकी! मौज वाटते खरी.

मौज वाटते, आणि तिच्या पाठोपाठ मनात काहीतरी खटकतेही. हे खटकणे नेमके कशाचे? पहिले उत्तर सुचते ते असे, की जी वस्तू ज्या कामासाठी निर्माण झाली त्याच कामाला ती लावावी. श्वासासाठी केलेली वस्तू श्वासालाच. ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्याच भागात पायताणाचा दाखला दिला आहे. पायताण पायात घालता येते आणि ते देऊन त्याच्या बदली दुसरे काही घेताही येते. दोन्ही उपयोग पायताणाचेच, पण पहिला त्याचा स्वतःचा आणि दुसरा नव्हे, कारण कोणी अदलाबदलीसाठी पायताण करीत नाही. हा विचार मनाला पटण्यासारखा आहे. आपल्या भाषेतही 'धर्म' हा शब्द दोन्हीकडे चालतो: अग्नीचा धर्म उष्णता, आणि मुलाचा धर्म आईबापांना सांभाळणे. वस्तूचा स्वभाव आणि माणसाचे कर्तव्य यांना एकच शब्द वापरणारा समाज वस्तूलाही कर्तव्य असते असे मानू लागला तर नवल नाही.

पण या टाकीच्या बाबतीत हे उत्तर टिकत नाही, आणि ते कोसळते ते तिच्याच वंशावळीने. पाण्याखाली माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि हवी तेवढीच हवा देणारा जो पडदा, तो या साऱ्या यंत्रणेचा आत्मा आहे. त्याचा आरंभ समुद्रात झाला नाही. बन्वा रुकेरोल नावाच्या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० च्या सुमारास तो काढला, खाणीत विषारी वायू कोंडल्यावर आत शिरणाऱ्या माणसाला श्वास मिळावा म्हणून. १८६४ मध्ये ऑगुस्त देनेरूझ या नौदलातील अधिकाऱ्याच्या जोडीने त्याने तो पाण्याखाली नेला. ज्यूल्स व्हर्नच्या कादंबरीत कॅप्टन निमो या दोघांची नावे घेतो ती त्यामुळेच. पुढे ती कल्पना मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्सचे पेट्रोल ताब्यात घेतले आणि मोटारी निरनिराळ्या इंधन-वायूंवर चालवायची पाळी आली. तेव्हा एमिल गान्यां या अभियंत्याने त्याच जुन्या पडद्याची लहान आवृत्ती मोटारीसाठी तयार केली. १९४२ च्या डिसेंबरात जाक-इव कुस्तो त्याच्याकडे गेला तो हेच यंत्र पाहायला. १९४३ साली त्या दोघांनी ते टाकीला जोडून पाण्यात उतरवले, आणि आजचा पाणबुड्या जन्माला आला. खाणीतून समुद्रात, समुद्रातून मोटारीत, मोटारीतून पुन्हा समुद्रात! आता कोणी ते परत मोटारीच्या चाकाला लावले तर त्याला 'परधर्म' कोणत्या तोंडाने म्हणायचे?

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. फ्रान्स आणि इटली यांच्यामधला आल्प्सखालचा पहिला मोठा बोगदा १८७१ मध्ये उघडला. जेर्मां सोमेये या अभियंत्याने १८६१ पासून त्याच्या खोदाईत दाबलेल्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे लावली होती. ती हवा खडकावर पहार आपटून झाली की यंत्रातून बाहेर पडे, आणि बोगद्याच्या कोंदट टोकाशी काम करणारे मजूर तीच हवा छातीत घेत. आधी हत्यार आणि मग श्वास. त्या मजुरांना कोणी सांगितले असते की हत्याराची हवा निराळी आणि छातीची निराळी, तर ते हसले असते.

तेव्हा वस्तूच्या अंगी काही पवित्र प्रयोजन चिकटलेले असते हे म्हणणे मी सोडून दिले. टाकीला काही वाटत नाही. हवेला तर नाहीच नाही. पसरणे आणि रेटणे एवढाच तिचा धर्म, आणि तो ती रबरातही पाळते आणि फुप्फुसातही. तरी खटकणे जाईना. ते कशाचे होते याचा उलगडा मला मालवणकडे झाला.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवण्याचा व्यवसाय चांगलाच वाढला आहे. तिथे एका संध्याकाळी मी एका ओळखीच्या कुटुंबाच्या झोपडीवजा शेडपाशी बसलो होतो. काका पूर्वी रापण ओढणारे. आता भाचा आणि ते मिळून हा धंदा करतात. दिवसभराच्या टाक्या वाळूवर फळकुटांवर ओळीने आडव्या ठेवल्या होत्या. उजवीकडे वापरून आलेल्या. त्यांत प्रत्येकी पन्नास-साठ बार हवा शिल्लक. एवढी हवा ठेवूनच वर यायचे असा जगभरच्या पाणबुड्यांचा दंडक आहे. डावीकडे दोन भरलेल्या टाक्या निराळ्या होत्या. त्या नेहमीच भरलेल्या राहतात, कोणी अडचणीत सापडले तर उतरायला.

तेवढ्यात मासळीचा एक टेम्पो रस्त्याच्या कडेला लंगडत थांबला. मागचे चाक बसले होते. चालकाने स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही, आणि हे आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की कोणाला आश्चर्यही वाटले नाही. बर्फाचे पाणी मागच्या फळीतून ठिबकत होते. गावातला पंक्चरवाला दुकान बंद करून कुठेशा लग्नाला गेलेला. चालकाची नजर टाक्यांकडे गेली.

"ही हवा वायाच जातली मां? माझ्या स्टेपनीत घाल," तो भाच्याला म्हणाला.

भाच्याने काकांकडे पाहिले. काकांनी डावीकडच्या दोन टाक्यांकडे बोट करून नकारार्थी मान हलवली आणि उजवीकडच्या एकीला पाय लावून म्हणाले, "ही घे. पण ही उद्या पाण्यात जावची नाय."

टायरचे तोंड बसवलेली नळी त्यांच्याकडे होती. असा प्रसंग पहिला नसावा. भाच्याने दाबाच्या काट्यावर नजर ठेवून चाक भरले, कारण नऊ-दहा बारांच्या नळीला टायर फोडायला वेळ लागत नाही. काम होताच त्याने टाकी पुसली, खडूने तिच्यावर मोठी फुली काढली आणि ती ओळीतून उचलून शेडच्या मागे नेऊन ठेवली. चालकाला याची गंमत वाटली. "हवा ती हवाच," तो म्हणाला, "टायरात गेली काय नि छातीत गेली काय!" काकांच्या हातावर चार बांगडे ठेवून तो निघून गेला.

मला चालकाचे म्हणणे बरोबर वाटत होते. टाकीतून हवा बाहेर गेली. आत काही आले नाही. दाब शिल्लक असेपर्यंत बाहेरचे काही आत शिरणे संभवत नाही. मग फुली कशाला? मी काकांना तसे विचारले. ते म्हणाले, "आत काय गेला नाय, ह्यां माका म्हायत आसा. पण माका म्हायत असान काय उपेग? बांधणाऱ्याक म्हायत होया."

मला ठाऊक असून काय उपयोग, बांधणाऱ्याला ठाऊक हवे. या वाक्याभोवती मी त्यानंतर पुष्कळ फिरलो आहे.

चाक आणि छाती यांत हवेच्या दृष्टीने फरक नसेल, पण फसवले जाण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. चाकाला वाईट हवा दिली तर चाकाचे काही बिघडत नाही. तेलाची वाफ असो, ओल असो, इंजिनाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड असो, रबर सगळे मुकाट्याने घेते आणि गाडी चालते. श्वासाची हवा म्हणून जी टाकीत भरतात ती मात्र कोरडी करून, गाळून, धुराच्या वाऱ्यापासून जपून ओढलेली असते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही आणि पाण्याखाली दाब वाढला की थोडेसे विषही अनेकपट काम करते. याहून विलक्षण गोष्ट गंजाची. पोलादी टाकी कोणी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली, झडप उघडीच ठेवली, तिच्यात खारी ओल शिरली, आणि पुढे ती भरून बरेच महिने तशीच पडू दिली, तर आतला गंज हवेतला प्राणवायू हळूहळू खात राहतो. काटा दाब दाखवतो. तोंडाला लावली तर हवा येते, वास नाही, चव नाही. आणि माणसाला गुदमरल्याची जाणीव होते ती छातीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू कमी पडतो आहे हे शरीराला थेट कळत नाही. माणूस शांतपणे, काही तक्रार न करता, बेशुद्ध होतो. त्या हवेने चाक भरले असते तर ते शंभर मैल निर्धास्त धावले असते.

काटा हवा किती आहे ते सांगतो. तिच्यावर काय काय गुजरले ते सांगत नाही. ते सांगण्याचे काम माणसाचे आहे. काकांची फुली हे ते सांगणे होते.

'उरलेली हवा' या शब्दाचाही विचार करण्यासारखा आहे. चालक तिला वाया जाणारी म्हणाला, आणि वरवर पाहता ती तशीच होती. पण पाणबुड्या वर येताना जी हवा टाकीत ठेवतो ती खर्च न झालेली हवा नव्हे. ती न घडलेल्या संकटाची किंमत असते. कोणाचा पाय जाळ्यात अडकला, जोडीदाराची हवा संपली, प्रवाहाने लांब नेले, तर ती लागली असती. संकट आले नाही म्हणून ती उरली. हिशेब करून पाहा. पोहणारा माणूस मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असे धरले तर दहा मीटर खोलीवर, जिथे दाब दुप्पट असतो, त्याला चाळीस लिटर लागतात आणि तीस मीटरवर ऐंशी. एका मोटारीच्या चाकाची हवा म्हणजे तीस मीटरवरचे जवळजवळ एक मिनिट. त्या टेम्पोच्या स्टेपनीत गेली असेल ती दहा मीटरवरची चार मिनिटे. १९५० आणि १९६० च्या दशकांत, सर्वांकडे दाबाचे काटे नसताना, टाकीवर एक खटका असे. शेवटची हवा एका स्प्रिंगने अडवून धरलेली असे. श्वास जड लागू लागला की खटका ओढायचा आणि ती मोकळी करून वर यायचे. पण कधी तो खटका कशाला तरी घासून आधीच ओढला जाई, आणि माणसाला ते कळत नसे. राखीव म्हणून ज्याच्यावर विसंबायचे ते केव्हाच खर्च झालेले! मला वाटते, माणसामाणसांतल्या विश्वासाचा घात पुष्कळदा असाच होतो. कोणी द्वेषाने काही करीत नाही. कुठेतरी खटका ओढला जातो आणि कोणी सांगत नाही.

इथे एक शंका मला फार दिवस छळत होती, आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. काकांची ती बाजूला ठेवलेली टाकी पाहून मला आमच्या आजीची सोवळ्यातली कळशी आठवली होती. ती कळशी देवाच्या पाण्याची. तिला कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्या कामाला घ्यायची नाही, चुकून शिवले तर घासून विस्तवावरून काढायची. का, असे विचारले तर 'तसे असते' एवढेच उत्तर. आणि भांड्याच्या शुद्धतेचा हाच नियम पुढे माणसांवर चालतो हे महाराष्ट्राला सांगायला नको. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि त्यानंतर त्या तळ्याचे म्हणे शुद्धीकरण करण्यात आले. तेव्हापासून ज्या ज्या ठिकाणी 'हे भांडे निराळे' असे ऐकू येते त्या त्या ठिकाणी माझे कान टवकारतात. मग काकांची फुली हे नव्या तऱ्हेचे सोवळेच नव्हते कशावरून?

मला जो फरक दिसतो तो असा. सोवळ्याचा नियम विटाळ झाला म्हणतो, पण कोणाचे काय बिघडले हे त्याला दाखवता येत नाही. शेवटी तो शिवणाऱ्याला दूर लोटतो. काकांच्या नियमाने कोणाला दूर लोटले नाही. टेम्पोवाल्याला हवा मिळाली, त्याच्या चाकाला विटाळ म्हटले गेले नाही. आणि फुली कायमची नव्हती: टाकी उघडून, आत दिवा सोडून पाहिली, नीट भरून आणली की ती पुसायची. कोणी आक्षेप घेतला असता तर काका त्याला उद्याच्या माणसाकडे बोट दाखवू शकले असते. ज्या नियमाला असे बोट दाखवता येत नाही त्याला मी मान द्यायला तयार नाही, मग तो देवघरातला असो की प्रयोगशाळेतला.

या विषयात लोक आणखी एक गल्लत करतात. ती हास्यास्पद नाही, जिवावरची आहे. टाकी जुनी झाली, तपासणीत नापास झाली, की म्हणतात, 'श्वासाला नको, पण टायरला काय हरकत आहे?' ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण तपासणी दोन निराळ्या गोष्टींची असते. हवा कशी आहे हा एक प्रश्न. त्याचे उत्तर वापरावर अवलंबून आहे, आणि चाकाच्या बाबतीत ते खुशाल सैल करावे. भांडे दाब सोसेल का हा दुसरा. त्याचे उत्तर वापरावर मुळीच अवलंबून नाही. अमेरिकेत दर पाच वर्षांनी टाकीत पाणी दाबून तिचे अंग किती ताणते ते मोजतात. आपल्याकडेही वायूच्या सिलिंडरांची ठरावीक काळाने अशीच परीक्षा कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या कायद्याची देखरेख करणारे सरकारी खाते नागपुरात बसते. ६३५१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांना मानेशी हळूहळू तडे जातात असे आढळून आले आणि त्यांतल्या काही फुटल्याही. फुटताना टाकी आपण चाक भरतो आहोत की श्वास घेतो आहोत हे पाहत नाही. तीच गोष्ट टाकीत काय भरले आहे याची. साध्या हवेऐवजी शुद्ध प्राणवायू असेल तर तो तेल लावलेल्या हत्याराला जोडणे म्हणजे आग ओढवून घेणे आहे. अमुक वस्तू 'खालच्या' कामाला लावली की सगळेच नियम खाली उतरतात असे आपण धरून चालतो. मोलकरणीच्या खोलीचे छत, मजुरांच्या ट्रकचे ब्रेक, सरकारी शाळेचा जिना, सगळीकडे हाच तर्क. जे वापरावर अवलंबून नाही तेही वापर पाहून सैल करायचे.

मग अडचणीच्या वेळी काय करावे? महाभारतात शांतिपर्वामध्ये आपद्धर्माचा एक मोठा भागच आहे. त्यात विश्वामित्राची गोष्ट येते. बारा वर्षांचा दुष्काळ, आणि भुकेने व्याकूळ झालेला ऋषी रात्री चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याची तंगडी चोरायला शिरतो. या गोष्टीत 'अडला तर काहीही चालते' एवढेच पाहणारे तिचा मधला भाग विसरतात. चांडाळ जागा होतो. तो ऋषीला परोपरीने सांगतो की हे तुला शोभत नाही. दोघांचा लांबलचक वाद होतो, आणि मग ऋषी ते मांस नेतो. चोरी अंधारात सुरू झाली, पण निर्णय झाला तो उजेडात, जागे असलेल्या माणसासमोर. आपद्धर्माला मी एवढी एक अट घालीन. वाळवंटातले ते जीपवाले ही अट बहुधा आपसूक पाळतात: त्यांची टाकी एकदा गाडीला लागली की गाडीचीच राहते, पाण्यात परत जात नाही, आणि ती त्यांची स्वतःची असते. त्यांच्यावर माझा आता काही आक्षेप उरलेला नाही. आक्षेप आहे तो भाड्याच्या टाकीतून गुपचूप चाक भरून ती पुन्हा ओळीत ठेवून देणाऱ्यावर, जरी त्याच्या हातून काहीही बिघडले नसले तरी. कारण काही बिघडले नाही हे त्याला एकट्याला ठाऊक आहे.

याच्या उलट दिशेचा प्रवास आपण सर्वांनी २०२१ मध्ये पाहिला. एप्रिलात करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांना प्राणवायू पुरेना, तेव्हा केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून काही मोजके उद्योग वगळून कारखान्यांचा प्राणवायू थांबवला. नायट्रोजन आणि आर्गॉन वाहणारी भांडीसुद्धा साफ करून प्राणवायूसाठी घेतली. हत्याराची हवा छातीला द्यायची वेळ आली होती. वायू बहुधा एकाच प्रकारच्या कारखान्यात, हवेतूनच वेगळा केलेला. फरक भांड्याच्या निगराणीचा आणि नोंदीचा. आपल्याकडे कारखान्याच्या प्राणवायूचा सिलिंडर सबंध काळा असतो आणि दवाखान्याचा काळाच, पण खांद्याशी पांढरा. एवढ्या एका पांढऱ्या रंगावर अनोळखी माणूस भरवसा ठेवतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ग्रिल आणि दरवाजे करणाऱ्याचे एक लहानसे वर्कशॉप आहे. त्याच्या मालकीचे दोन मोठे सिलिंडर होते, लोखंड कापायच्या गॅसचे. त्या एप्रिलात त्याने ते कोणी न मागता दिले आणि कितीतरी दिवस धंदा बंद ठेवला. महिन्यांनी ते परत आले ते खांद्याला पांढरा रंग लागून. भरून देणाऱ्याने सांगितले, रंग बदलून आणा, मगच कापायचा गॅस भरू. हा रंग काढायला तयार होईना. एक दिवस मला हाक मारून त्याने ते दाखवले. "यांच्यावर किती माणसं जगली असतील, सर," तो म्हणाला. "तेवढा पांढरा पट्टा राहू द्यावा म्हणतो. कापायला वापरला तरी मला माहीत आहे ना, हा कसला आहे ते."

त्याला नाही म्हणणे मला सोपे गेले नाही. त्या पांढऱ्या पट्ट्यात त्याच्या आयुष्यातले एक मोठे काम होते, आणि ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. मी त्याला एवढेच विचारले की रात्री-बेरात्री कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणी घाईत धावत आले आणि तू दुकानात नसलास, तर ते काय पाहून सिलिंडर उचलतील?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खालच्या अंगाला, बुडाशी, एक ठिपका ठेवला तर?"

"बुडाशी कोण बघतो?" मी म्हणालो.

"तेच म्हणतो," तो म्हणाला, आणि आतून तारेचा ब्रश व काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. कामावरचा पोरगा पुढे झाला, पण त्याने ब्रश त्याच्या हातात दिला नाही.